खोली अठरा, खाट दोन

१

चिवटीचं खरं नाव काय, ते सोडा. लहानपणी तीनदा तापातून उठली म्हणून बापाने लाडाने चिवटी म्हटलं आणि तेच चिकटलं. आता चाळिशी उलटली, ऑफिसात हाताखाली सहा माणसं आली, सगळी तिला वचकून असतात, तरी घरात ती चिवटीच. आणि बाई नावाला जागणारी. एकदा डोक्यात घेतलं की तडीस नेल्याशिवाय स्वतः बसणार नाही, दुसऱ्याला बसू देणार नाही.

तिचे बाबा छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलून ओळी जुळवणारे. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरले दोनचार शब्द. घरी उचलठेव जमेना, तेव्हा तिने मनावर दगड ठेवून त्यांना शुश्रूषागृहात ठेवलं. पहिला मजला, एक लांब व्हरांडा, त्याला ओळीने अठरा खोल्या, एका खोलीत एकच खाट. बाबांची खोली शेवटची.

शेवटची, इथेच तर सगळी गोम होती. फेरीवर निघालेल्या मावशी एक नंबरपासून सुरुवात करायच्या. दहाव्या-बाराव्या खोलीपर्यंत जाईस्तोवर मागे कुणाची तरी बेल वाजायची, मावशी वळायच्या, आणि पुढची फेरी पुन्हा एकपासून. असंच एकदा बाबा खाटेवरून घसरले आणि खाट नि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन पडले. बेलचं बटण डाव्या हातात होतं. ते दाबत राहिले. बेल सिस्टरच्या टेबलावर वाजत राहिली, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसरं कुणीतरी गेलं असेल. सकाळी नऊला पडलेला माणूस चिवटीला दुपारी चारला सापडला. तेव्हाही त्यांचा अंगठा बटणावरच होता.

ती भांडली. असं भांडली की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, माणसं कमी आहेत हो."

"माणसं कमी नाहीत. तुमचा क्रम चुकीचा आहे," चिवटी म्हणाली. "तो मी लावून देते."

२

तिचा धंदाच तो. दोन रविवार घालून तिने प्रोग्राम लिहिला आणि तिथल्या चारही टॅबवर बसवला.

प्रोग्रामच्या भाषेत ज्याला डिक्शनरी म्हणतात तो काही अर्थ सांगणारा शब्दकोश नव्हे. चिठ्ठी डकवलेले डबे समजा. एका मोठ्या डब्यात अठरा डबे, प्रत्येकावर खोलीचा नंबर. खोलीच्या डब्यात खाटेचा डबा. खाटेच्या डब्यात नाव, वजन, औषधं, शेरे, आणि अगदी तळाशी एक चिठ्ठी: शेवटचं कधी पाहिलं. यादी लावायची ती बाहेरच्या नंबरावर नव्हे, तळाच्या त्या चिठ्ठीवर. ज्याला पाहून सगळ्यांत जास्त वेळ झाला, तो यादीत सगळ्यांत वर. मावशींनी वरच्या खोलीत जायचं, माणूस बघायचा, 'पाहिलं' हे बटण दाबायचं. दाबलं की ती खोली तळाला जाते आणि पुढची वर येते. शेवटचा नंबर म्हणून कुणी राहतच नाही.

बाबांना तिने टॅब दाखवला, तेव्हा त्यांनी बराच वेळ बघितलं. खणात कप्पे, कप्प्यात खिळे, हे त्यांनी चाळीस वर्षं हाताळलेलं. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिला तेवढं पुरे होतं.

एकच अडचण होती. नवीन आलेल्या माणसाची ती तळाची चिठ्ठी कोरी असते, आणि कोरी चिठ्ठी लागली की प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो. म्हणून तिने एक ओळ घातली: चिठ्ठी कोरी असेल तर तिथे शून्य आहे असं धर. कॉम्प्युटरच्या काळाच्या मोजणीत शून्य म्हणजे अगदी सुरुवात, त्याहून जुनं काही नाही. म्हणजे ज्याला आजवर कुणीच पाहिलेलं नाही, तो सगळ्यांच्या वर. ही ओळ तिला फार आवडली होती. तिने ती ऑफिसातल्या दोघांना वाचूनही दाखवली होती.

पाच महिने सगळं झकास चाललं.

३

बाबा पडले त्या दिवसापासून चिवटी रोज बाराच्या सुमारास यायची आणि बाबांच्या खिडकीशी लॅपटॉप उघडून संध्याकाळपर्यंत तिथूनच काम करायची. एका मंगळवारी मावशी आत आल्या. बाबांची उशी नीट केली, बटण दाबलं, टॅबकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, तुमची यादी अठरावर अडून बसलीय बघा. सकाळपासून चार वेळा येऊन गेले. बाबांना बघते, बटण दाबते, दाराबाहेर पडते, तर परत आपलं अठराच वर. माझे पाय काय भाड्याचे आहेत का?"

मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस. बोलायला फटकळ, पण हात मऊ. चिवटीने टॅब घेतला आणि अठराचा डबा उघडला.

खाट एक: पाहिलं, आत्ता.

खाट दोन: कोरी.

तिने मान वर करून खोली बघितली. एक खाट, एक कपाट, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, खिडकी, तिची खुर्ची. दुसरी खाट लावायची म्हटली तर दार काढून ठेवावं लागेल.

"कुणीतरी चुकून 'खाट जोडा' दाबलंय," ती म्हणाली. "तुम्ही खाट दोनचं 'पाहिलं' दाबलं नाही ना?"

"नसलेल्या माणसाला पाहिलं म्हणून कशी दाबीन? उद्या माझ्यावरच यायचं."

खाट कुणी जोडली याची नोंद प्रोग्राम ठेवतो. चिवटीने ती काढली. वेळ होती, सकाळचे नऊ. जोडणाऱ्या माणसाच्या नावाची जागा रिकामी होती. नाव न घालता कुणाला खाट जोडताच येत नाही, ती अट तिने स्वतः लिहिली होती. तिने खाट दोन पुसून टाकली आणि आपल्या कामाला लागली.

अर्ध्या तासाने बाबांचा डावा हात खाटेवरून खाली, भिंतीकडच्या फटीत लोंबकळताना दिसला. खाटेला चाकं होती आणि मागे प्लगपॉइंट होता, म्हणून खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवत. तिने उठून हात वर घेतला. हात बर्फासारखा गार होता, आणि चार बोटांवर दाबल्याचे पांढरे वळ होते. खाटेचा कठडा लागला असणार, असं ती मनाशी म्हणाली, आणि तिने तो हात चोळून चोळून गरम केला.

टॅबवर अठरा पुन्हा सगळ्यात वर होती.

४

पुसलेलं परत येतं, याला कारणं असतात. चारांपैकी एखादा टॅब नेटपासून तुटलेला असला, तर त्याच्या पोटात जुनी माहिती राहते आणि जोडला गेला की तो ती परत ओकतो. चिवटीने चारही टॅब टेबलावर ओळीने ठेवले, चारही जोडलेले आहेत हे बघितलं, चारही ठिकाणी खाट दोन पुसली. चारही पडद्यांवर ती गेली. ती बघत असतानाच चारही पडद्यांवर ती परत आली, आधी एकावर, मग सगळीकडे, आणि या वेळी डबा रिकामा नव्हता. आत एक शेरा होता.

"उशी नाही."

"हा काय वात्रटपणा आहे?" तिने टेबलापलीकडे बसलेल्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या सगळ्या मजल्याच्या प्रमुख होत्या, शांत, तोलून बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"आमच्यातलं कुणी लिहिणार नाही. इथे हातावरचं काम संपत नाही, थट्टेला वेळ कुणाला आहे?"

ते खरंच होतं. चिवटीला राग आला. भीती म्हणावी तर अजून नव्हती. आपल्या प्रोग्रामात आपल्याला न विचारता कुणी पाय ठेवतं म्हणजे काय? घरात उंदीर शिरला की बाई जशी झाडू घेऊन उभी राहते, तशी ती त्याच्या मागे लागली. दोन दिवस सगळ्या ओळी तपासल्या, पासवर्ड बदलले, ऑफिसातल्या माणसाला बसवून सर्व्हर धुंडाळला. कुणी आत आल्याची खूण नव्हती. आणि खाट दोन वरच्या वर होती, तळाची चिठ्ठी कोरी, डब्यात शेरे वाढत चाललेले. उशी नाही. पाणी नाही. बेल वाजवली.

मावशी आता कुरकुरायच्या थांबल्या होत्या. त्या अठरात यायच्या, बाबांना बघायच्या, आणि जाताना एकदा फटीकडे नजर टाकायच्या. "यादीत वर आहे म्हटल्यावर बघावंसं वाटतं हो," असं त्याच ओशाळून म्हणाल्या.

ते ऐकल्यावर मात्र चिवटीला भीती वाटली. त्या यादीचं कामच ते होतं. जिकडे कुणी बघितलं नाही, तिकडे बघा म्हणून सांगणं.

तिने शून्याची ओळ काढून टाकली. तिथे दुसरी लिहिली: चिठ्ठी कोरी असेल, तर यादीत घेऊच नको.

खाट दोन नाहीशी झाली. अठरा इतरांसारखी वर यायची, तळाला जायची. मावशी म्हणाल्या, "सुटले बाई." चिवटी घरी गेली आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा गाढ झोपली. रोग रेड्याला नि औषध पखालीला, हे तिच्या लक्षात यायला अजून अवकाश होता.

५

सोमवारी तिला यायला साडेबारा झाले. खोलीत पाऊल टाकलं आणि वासावरूनच तिला कळलं. चादर ओली होती. पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला, तसाच. बाबांचे ओठ फुटले होते. त्यांनी डोळे तिच्याकडे वळवले आणि घशातून काहीतरी आवाज काढला, तो शब्द नव्हता.

तिने आधी पाणी पाजलं, चमच्याने, घाई न करता. मग सिस्टरच्या टेबलाकडे गेली.

"सकाळपासून अठरात कोण गेलं?"

मोठ्या सिस्टरनी टॅब पुढे केला. "सगळे गेलेत. हे बघा. सव्वानऊ, दहा चाळीस, अकरा पन्नास. शेरेपण आहेत."

होते. 'स्वतः उठून बसले.' 'पाणी स्वतः प्यायले.' 'नाश्ता संपवला.' 'हसले.'

बाबा दीड वर्षात स्वतः उठून बसलेले नव्हते. चिवटीने शेऱ्यांच्या वर, डबा कुठला ते बघितलं. सगळे शेरे खाट दोनच्या डब्यात होते. त्या डब्यात आता बाबांचं नाव होतं, बाबांचं वजन, बाबांची औषधं. तिने खाट एक उघडली. डबा रिकामा. तळाची चिठ्ठीही गेलेली, आणि चिठ्ठी कोरी असेल तर यादीत घेऊच नको, हे तिनेच सांगून ठेवलेलं होतं. प्रोग्राम बिचारा सांगितल्या कामाचा.

मावशी मागे येऊन उभ्या होत्या. "मी दाबलं ताई. खोटं नाही दाबलं. पाहिलं म्हणून दाबलं."

"कुणाला पाहिलंत?"

"बाबांना. भिंतीच्या बाजूने बसले होते. छान हसले माझ्याकडे बघून. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू."

"आणि खाटेवर कोण होतं, मावशी?"

मावशी आठवायला लागल्या तशी त्यांच्या चेहऱ्यावरची रया उतरत गेली.

"खाटेवर," त्या हळूच म्हणाल्या, "चादर होती."

६

चिवटीने खोलीत येऊन दार लावलं नाही. उघडंच ठेवलं. भिंतीकडे तिने एकदाही बघितलं नाही, बघायची इच्छा झाली तरी नाही. बाबांकडे तोंड करून खुर्ची ओढली आणि खाट एकच्या डब्यात स्वतः वेळ घातली: आत्ता. पेला घ्यायला ती वळली, परत फिरली, तर चिठ्ठी कोरी. पुन्हा घातली, नळाकडे गेली, आली, कोरी. तिसऱ्या वेळी तिने टॅब बाबांच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि दोन्हीकडे एकदम बघत राहिली. वेळ जागची हलली नाही. तिने पापणी मिटली, उघडली. कोरी.

नेट हळू असेल, तिने मनाला सांगितलं.

बाबांवर नजर ठेवूनच तिने फोन लावले. दुसऱ्या एका शुश्रूषागृहात जागा होती. रुग्णवाहिका पाचच्या आत येणार नाही म्हणाले. तेव्हा एक वाजत होता.

चार तास एकट्या माणसाने पापणी न मिटता बसणं कुणाच्या बापाला जमणार नाही. इथे तिच्या जागी दुसरी असती तर रडत बसली असती. चिवटीने मावशींना हाक मारली. मावशी आल्या, बाबांच्या काखेत हात घालायला वाकल्या, आणि त्यांचे हात बाबांच्या बाजूच्या उशीवर चाचपडत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिसत का नाहीत मला?"

"राहू दे. चाकाची खुर्ची तेवढी धरून ठेवा."

तिने बापाला एकटीने उचललं. पाठीत कळ आली, तिने दात खाल्ले. खुर्ची दाराबाहेर काढली तेव्हा मागे, रिकाम्या खोलीत, खाटेची चाकं थोडीशी सरकल्याचा आवाज आला. जणू कुणी जागा करून घेतली. मावशींनी तो ऐकला. दोघींनी खुर्ची तशीच पुढे ढकलली.

७

जेवणघर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. मधे लांब टेबल, त्याभोवती ज्यांना उठून येता येतं असे अकरा जण. चिवटीने खुर्ची सरळ टेबलाच्या टोकाला नेऊन लावली. वाढणारा माणूस बाबांच्या खांद्यावरून पलीकडे वाटी ठेवून निघून गेला.

सात नंबरच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. चिवटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हेडबाई, माझे बाबा दिसताहेत का तुम्हाला?"

हेडबाईंनी घास संपवला. "मोतीबिंदू झालाय मला, आंधळी नाही झाले. हे काय समोर बसलेत. दाढी करायला हवी त्यांची, आणि सदरा बदला, ओला आहे तो. असं आणतात का माणसाला चारचौघांत?"

चिवटीला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. तिने टॅब त्यांच्या हातात दिला. "पाचपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायचंय. आळीपाळीने. कुणीतरी एकाने तरी. कारण विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही."

"कारण कशाला हवं? दुसरं करतो काय आम्ही दिवसभर?" हेडबाई म्हणाल्या, आणि चमच्याने टेबलावर टकटक केली. "ऐका सगळे. पाळ्या लावते. डुलकी काढाल तर गाठ माझ्याशी आहे."

आणि त्यांनी बघितलं. नर्सा, वाढपी, मावशी, ज्यांना यादीने चार दिवस त्या खोलीकडे पाठवलं होतं त्यांना बाबा दिसत नव्हते. पण या अकरांना दिसत होते. कुणी आपल्याकडे बघावं म्हणून दाराकडे डोळे लावून बसणं म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. टॅब हातोहात फिरला. पाहिलं. पाहिलं. पाहिलं. चिठ्ठी कोरी होईना. बाबांच्या डब्यात नाव परत आलं, मग वजन. चिवटीने त्यांचा सदरा बदलला, जेवण भरवलं, आणि बाबांनी सगळं खाल्लं.

दोनच्या सुमाराला व्यवस्थापक आले. "हा काय मेळावा भरवलाय? आणि तुमचे वडील तिकडे खोलीत एकटे आहेत ना? आत्ता दारातून हात केला त्यांनी मला."

"तुम्ही हात केलात?" चिवटीने विचारलं.

"अर्थात केला."

"आता करू नका."

८

बेल साडेतीनला वाजली.

बाहेर सिस्टरच्या टेबलावरच्या पाटीवर अठराचा दिवा लागला. यादीतही अठरा वर आली. व्यवस्थापक गेल्यापासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं, आणि खाट दोनची चिठ्ठी बरोबर तेवढाच वेळ सांगत होती. जेवणघरात येऊन बसलेल्या मोठ्या सिस्टर सवयीने उठल्या. चिवटी जेवणघराच्या दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"कुणी जायचं नाही."

"ताई, बाजूला व्हा. बेल वाजतेय."

"वाजू दे."

मोठ्या सिस्टर तिच्यापुढे येऊन थांबल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "त्या दिवशी बेल वाजत होती आणि कुणी गेलं नाही, म्हणून तुम्ही आम्हाला फाडून खाल्लंत. बरोबरच केलंत. महिनाभर मला झोप नव्हती. आणि आज मी जातेय, तर तुम्ही अडवता?"

बेल वाजत होती. दाबायची, थोडा वेळ धरून ठेवायची, दमून सोडायची, परत दाबायची. तो हात तिच्या ओळखीचा होता. कुणीतरी तिथे खाली पडलेलं होतं, त्याला तहान लागली होती, त्याला उशी नव्हती, आणि त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. बघा म्हणून तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर ते उठेल आणि माझा बाप जाईल. मला काही कळत नाही, पण एवढं कळतं."

मोठ्या सिस्टर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

तेव्हा तिची चूक झाली. दमली होती, मान वळली. व्हरांड्याच्या टोकाला अठराचं दार हळूच आत ओढलं जात होतं. दुपारचं ऊन सरळ तिथवर पोचलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. दाराच्या कडेला, अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक हात होता. आडव्या पडलेल्या माणसाचा पोचेल तेवढाच वर. डावा. चार बोटांवर पांढरे वळ. त्यामागे, अंधाऱ्या जागी, तिच्याकडे वळलेलं काहीतरी होतं, आणि ते हसायला शिकलेलं होतं.

तिने नजर तोडली. हेडबाईंच्या हातातल्या टॅबवर कुणीही बटण दाबलेलं नसताना अठरा सरसर खाली उतरली. खाट दोन: पाहिलं, आत्ता.

तिने व्हरांड्याकडे पाठ केली. बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांच्याकडे बघायला लागली. बाबांनी डाव्या हाताने तिची बाही धरली. ते रडत होते. झटका आला तेव्हा रडले नव्हते, फटीतून उचललं तेव्हाही नाही.

"जा," ते म्हणाले. शब्द यायला फार वेळ लागला. "जा ना... गं. आहे तिथे."

"माहितीये मला आहे ते."

"सात... तास."

"ते पण माहितीये, बाबा. मी नाही जाणार."

त्यांनी बाही ओढली. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने तो हात सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मला वाईट म्हणा. काळजाची नाही म्हणा. जन्मभर बोलू नका माझ्याशी. मला बाप एकच आहे आणि तो मी माझ्या हाताने त्या फटीतून उचललाय. तिथे राहिलेल्याला मी बघणार नाही, आणि कुणाला बघू देणार नाही."

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे तिच्या खांद्यावरून व्हरांड्याच्या टोकाला लागले होते. तिने मान सरकवून त्यांच्या नजरेच्या आड धरली. त्यांनी मान दुसरीकडे सरकवली. तिने परत आड धरली. ते परत सरकले. हट्ट कुणाचा घेतला होता तिने, शेवटी त्यांचाच.

हेडबाईंनी टॅब तिच्यापुढे धरला. यादीच्या तळाशी दोन्ही खाटा एकाखाली एक होत्या. खाट एक, आत्ता. खाट दोन, आत्ता.

"मग बघा तुम्ही त्याच्याकडे," चिवटी म्हणाली. "मी तुमच्याकडे बघते. बघू कोण आधी दमतं."

जेवणघरातलं कुणी उठलं नाही. घड्याळात तीन पन्नास झाले होते, पाचला अजून एक तास दहा मिनिटं होती, आणि बेल वाजतच होती.